पाण्याबाहेर जगणारे मासे : एका गुरुजींची कबुली

(ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक मेळाव्यात, विद्यार्थी गुणगौरव समारंभाच्या प्रसंगी केलेले भाषण)



आजच्या या समारंभात चार शब्द बोलण्याची आज्ञा मंडळाने मला केली, हा मी माझा बहुमान समजतो. वस्तुतः मी कोणी विद्वान नव्हे. मॅट्रिकपर्यंतचे शिक्षण आणि त्यावर शिक्षकी पेशाचे प्रशिक्षण, एवढ्या शिदोरीवर बारामती व इंदापूर या दोन तालुक्यांतील प्राथमिक शाळांतून अडतीस वर्षे मुलांना शिकविले आणि निवृत्त झालो. तेव्हा माझ्या बोलण्यात काही उणे राहिले, तर ते माझ्या पदरी घालावे आणि काही ग्राह्य वाटले, तर ते ज्या संशोधकांनी शोधून काढले त्यांचे समजावे, अशी प्रारंभीच विनंती करतो.

अशा मेळाव्यात वक्त्याने शिक्षणाचे महत्त्व, लग्नकार्यातील वायफळ खर्च आणि ज्ञातीचे ऐक्य यांवर बोलावे, असा प्रघात आहे. हे विषय थोर आहेत आणि माझ्यापेक्षा अधिकारी मंडळी त्यांवर बोलणारही आहेत. मी मात्र आज आपल्याशी माशांविषयी बोलणार आहे. पाण्याबाहेर काढल्यावरही जे मासे तासन्‌तास जगतात, ते कसे जगतात, आणि विशेषतः त्यांच्या शरीरात जे विष तयार होते त्याचा निकाल ते कसा लावतात, हा माझा विषय. आपल्या ज्ञातीतील कित्येक घरांची चूल भीमेच्या पाण्यावर पेटते, हे तर या विषयाचे एक कारण आहेच. परंतु दुसरे कारण अधिक खासगी आहे. एका विद्यार्थ्याचे ऋण माझ्या डोक्यावर आहे आणि ते चारचौघांत फेडावे, असे वय झाल्यावर वाटू लागले आहे.

गोष्ट १९८३ च्या उन्हाळ्यातील आहे. उजनी धरण १९८० साली पूर्ण झाले आणि इंदापूर तालुक्यातील भीमाकाठची गावेच्या गावे पाण्याखाली गेली. पळसदेवचे जुने देऊळ आजही पाणी आटले म्हणजे वर येते आणि जुन्या माणसांच्या डोळ्यांत पाणी आणते. अशाच एका नव्याने वसविलेल्या गावठाणातील शाळेवर मी होतो. इयत्ता चौथीच्या वर्गात मी ‘मासा कल्ल्यांनी श्वास घेतो, पाण्याबाहेर काढला की तो मरतो’ हा पाठ शिकवीत होतो. त्या वेळी शेवटच्या रांगेतील एक मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, “गुरुजी, सगळे मरत नाहीत. आमच्या घरी मागूर रात्रभर घमेल्यात राहतो. पाणी नसले तरी चालते.” मी त्याला खाली बसविले. दुसऱ्या दिवशी तो पत्र्याच्या डब्यात ओला चिखल घालून त्यात एक मागूर घेऊन आला. मासा जिवंत होता, वळवळत होता. वर्गात हशा पिकला, मुले बाकांवर चढली, आणि माझा राग अनावर झाला. पुस्तकात लिहिले आहे ते खोटे आणि तू सांगतोस ते खरे काय, असे म्हणून मी त्या मुलाला छडीने मारले आणि मासा बाहेर फेकून देण्यास सांगितले. त्यानंतर त्याने वर्गात कधी प्रश्न विचारला नाही. सातवीनंतर त्याने शाळाच सोडली. माझ्या छडीमुळेच सोडली, असे मी म्हणत नाही. घरची गरिबी होती. परंतु छडीमुळे सोडली नाही, असेही मला आज छातीठोकपणे म्हणता येत नाही.

पुढे अनेक वर्षे लोटली. तो मुलगा मोठा झाला, संसारी झाला, धरणात जाळे टाकून त्याने पोट भरले, आणि पुढे वीस गुंठ्यांचे तळे खोदून त्यात रोहू आणि कटला सोडले. चार वर्षांपूर्वी वैशाखात त्याचा मला फोन आला. “गुरुजी, पाण्याला उग्र वास येतोय. मासे वर येऊन तोंड मारतात. हवेचे यंत्र लावले तरी फरक नाही. काय करावे?” तळ्यात खाद्य जास्त पडत होते आणि पाणी बदललेले नव्हते, हे त्याने आपण होऊन सांगितले. माझे वय झाले तरी गुरुजीपणा गेला नव्हता. मी ताबडतोब सांगितले, “चुना टाक. चुन्याने पाणी शुद्ध होते.” त्याने माझ्या शब्दावर विश्वास ठेवून दोन पोती चुना टाकला. दुसऱ्या दिवशी टळटळीत दुपारी रोहू आणि कटला पोट वर करून तरंगू लागले. वर्षाची कमाई काठावर पुरावी लागली. मी भेटावयास गेलो, तेव्हा त्याने मला एका शब्दाने दोष दिला नाही. तो एवढेच म्हणाला, “गुरुजी, ओढ्यातून चारदोन मागूर तळ्यात शिरले होते. ते मात्र सगळे जिवंत आहेत.”

बंधुभगिनींनो, त्या क्षणी मला पत्र्याचा तो डबा आठवला. एकाच माणसाला मी दोनदा चुकीचे उत्तर दिले होते, आणि दोन्ही वेळा मागूर माझ्या विरुद्ध साक्ष देत होता. घरी आल्यावर मी माझ्या नातीला बोलाविले. ती बारामतीस प्राणिशास्त्र शिकते. तिने इंग्रजी निबंध वाचावेत व मला मराठीत सांगावेत, असे आमचे ठरले. त्यातून जे समजले ते आपणांसमोर ठेवतो.

आपण सारे समजतो की पाण्याबाहेर काढलेला मासा केवळ श्वास कोंडून मरतो. हे अर्धेच सत्य आहे. माशाचे कल्ले दोन कामे करतात. पाण्यातील प्राणवायू आत घेणे हे पहिले काम, आणि शरीरातील नत्रयुक्त घाण बाहेर टाकणे हे दुसरे. हे दुसरे काम आपल्या ध्यानात येत नाही, कारण आपल्या देहात ते मूत्रपिंडाकडे आहे.

नत्रयुक्त घाण म्हणजे काय? डाळ, मासळी, अंडी यांतील प्रथिने पचली म्हणजे त्यांची अमिनो आम्ले होतात. शरीराला लागतात तेवढी वापरली जातात. उरलेली जाळून शक्ती मिळविली जाते. लाकूड जाळले की राख उरते, तशी अमिनो आम्ले जाळली की अमोनिया उरतो. हा अमोनिया आपल्या ओळखीचा आहे. नवसागर आणि चुना तळहातावर एकत्र चोळला की नाकात झिणझिण्या आणणारा जो वायू निघतो, तोच अमोनिया. डोके दुखत असता आपली आजी हा उपाय करीत असे. गोठ्याच्या मोरीला पहाटे जो उग्र दर्प येतो, तोही त्याचाच. अमोनिया मोठा विषारी. त्याचा पहिला मारा मेंदूवर होतो. यकृत निकामी झालेल्या रुग्णाला भ्रम होतो, तो बरळू लागतो, याच्या कारणांत रक्तात साठलेला अमोनिया हे एक मुख्य कारण आहे.

म्हणून प्रत्येक प्राण्याला या विषाची वाट लावावीच लागते, आणि ज्याच्याजवळ जेवढे पाणी तशी त्याची रीत. भिगवण आणि कुंभारगावच्या पाणथळीत हिवाळ्यात रोहित पक्षी येतात, ते आपण पाहतो. पक्ष्याच्या विष्ठेवरचा पांढरा चुनकळीसारखा भाग म्हणजे युरिक आम्ल. पाणी फार थोडे खर्चून नत्र टाकण्याची ती पक्ष्यांची युक्ती. आपण माणसे आणि आपली गाईगुरे अमोनियाचा युरिया करतो आणि तो लघवीवाटे टाकतो. होय, उसाला घालतो तोच युरिया. १८२८ साली वोलर नावाच्या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने तो प्रयोगशाळेत तयार केला, आणि १९३२ साली क्रेब्स व हेन्सेलाइट यांनी यकृतात तो कोणत्या पायऱ्यांनी तयार होतो, याचे चक्र शोधून काढले. युरिया अमोनियाच्या मानाने निरुपद्रवी असतो. परंतु तो तयार करण्यास शरीराला शक्ती खर्चावी लागते. सुखासुखी कोण खर्च करील? माशाभोवती तर अष्टौप्रहर पाणी. म्हणून बहुतेक मासे काहीच खर्च न करता अमोनिया जसाच्या तसा कल्ल्यांवाटे पाण्यात सोडतात. नदी तो वाहून नेते.

आता मासा पाण्याबाहेर आला, की काय होते पाहा. कल्ल्यांच्या नाजूक पापुद्र्या एकमेकींना चिकटतात. प्राणवायू आत येणे थांबते, आणि अमोनिया वाहून नेणारे पाणीही नाहीसे होते. पहिली अडचण काही माशांनी हवेतून श्वास घेण्याची इंद्रिये मिळवून सोडविली. मागूराच्या कल्ल्यांच्या वर लहानशा झाडासारखे फांद्याफांद्यांचे इंद्रिय असते. शिंगीच्या कल्ल्यांपासून पाठीच्या कण्यालगत मागे गेलेल्या दोन लांब हवेच्या नळ्या असतात. मरळीच्या डोक्यात कल्ल्यांच्या वर हवेची कोठडी असते. तिला पृष्ठभागावर येऊ दिले नाही, तर ती पाण्यात असूनही गुदमरून मरते. परंतु हवा मिळाली, म्हणून विष थोडेच जाते? घरात चूल पेटली, पण धुराडे बंद, अशी ती स्थिती. ही दुसरी अडचण निरनिराळ्या माशांनी निरनिराळ्या मार्गांनी सोडविली आहे, आणि मला हा भाग सर्वांत रम्य वाटला.

पहिला मार्ग काटकसरीचा. ठाणे आणि मुंबईच्या खाड्यांत, कोकणच्या चिखलात, ओहोटीच्या वेळी उड्या मारीत फिरणारी निवटी आपल्यापैकी काहींनी पाहिली असेल. या जातीचे काही मासे जमिनीवर असताना अमिनो आम्लांचे विघटनच कमी करतात. राख नको असेल, तर लाकूडच कमी जाळावे, हा व्यवहार. निवटीचे एक मोठे भावंड आग्नेय आशियाच्या किनाऱ्यावर राहते. सिंगापूरच्या संशोधकांना असे आढळले की जमिनीवर धावताना हा मासा काही अमिनो आम्ले अर्धवटच जाळून ॲलानिन नावाच्या दुसऱ्या अमिनो आम्लावर थांबतो. शक्ती मिळते आणि अमोनिया सुटत नाही. शिवाय तो कल्ल्यांतून अमोनिया जोर लावून बाहेर ढकलू शकतो. मोटेने विहिरीतले पाणी वर ओढावे, तसे उताराच्या उलट. मरळीच्या चीनमधील एका भावंडातही पाण्याबाहेर ॲलानिन साठत असल्याचे दिसून आले.

दुसरा मार्ग साठवणीचा. पूर्व आशियातील भातखाचरांत सापासारखा दिसणारा एक मासा असतो. तो अमोनियाला ग्लुटामिन नावाच्या निरुपद्रवी पदार्थात बांधून स्नायूंत ठेवून देतो आणि पुन्हा पाणी मिळेपर्यंत दिवस काढतो.

तिसरा मार्ग ऐकून मला हसू आले. त्याच प्रदेशातील एक लहानसा मासा अमोनिया वायुरूपाने चक्क हवेत सोडून देतो.

चौथा मार्ग युरियाचा, आणि तो आपल्या घरचा आहे. आफ्रिकेत फुप्फुसे असलेला एक मासा तळी आटली म्हणजे चिखलात कोश करून महिनोन्‌महिने झोपतो. १९३० साली होमर स्मिथ या अमेरिकन शास्त्रज्ञाने दाखविले की या निद्रेत तो अमोनियाचा युरिया करून देहातच साठवितो आणि पाऊस पडून पाणी आले की तो बाहेर टाकतो. कित्येक वर्षे असा समज होता की गोड्या पाण्यातील सामान्य माशांना ही विद्या अवगत नाही. तो समज आपल्या देशातील शास्त्रज्ञांनी दूर केला. शिलाँग येथील नॉर्थ-ईस्टर्न हिल युनिव्हर्सिटीतील निर्मलेंदु साहा आणि बी. के. राठा यांनी १९८० नंतरच्या दशकात दाखवून दिले की शिंगी आणि मागूर या आपल्या साध्या माशांच्या अंगी युरिया तयार करण्याचे संपूर्ण चक्र आहे. त्यांनी शिंगीला नवसागराच्या पाण्यात ठेवले. लिटरमागे सुमारे चार ग्रॅम नवसागर, म्हणजे दुसरा मासा केव्हाच मरेल इतका. शिंगी त्यात चार आठवडे जगली आणि तिने युरियाचे उत्पादन वाढविले. पुढे २००१ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात शिंगीला महिनाभर नुसत्या ओल्या चिखलात ठेवले. तेथेही तिने युरियाचाच आश्रय घेतला. उन्हाळ्यात ओढा आटला म्हणजे आपली माणसे चिखल खणून जिवंत शिंगी आणि मागूर काढतात, त्याचे रहस्य हे.

विद्यार्थिमित्रांनो, नीट लक्ष द्या. ज्या दशकात मी इंदापूर तालुक्यातील एका मुलाला मागूर आणल्याबद्दल छडी मारीत होतो, त्याच दशकात शिलाँगमध्ये विद्वान लोक तोच मासा टेबलावर ठेवून तोच प्रश्न विचारीत होते. फरक इतकाच की त्यांनी मासा बाहेर फेकला नाही.

आता त्या तळ्याकडे वळू. पाण्यातील अमोनिया दोन रूपांत असतो. एक रूप माशाला फारसे बाधत नाही. दुसरे, वायुरूप, हे अत्यंत घातक, आणि लिटरमागे मिलिग्रॅमचा काही अंशही रोहूसारख्या माशाला इजा करतो. कोणते रूप किती, हे पाण्याच्या सामूवर अवलंबून असते. साधारण पंचवीस अंश उष्णतेच्या पाण्यात सामू ७ असता शंभर भागांपैकी अर्ध्याहून थोडाच अधिक भाग घातक रूपात असतो. सामू ८ झाला की पाच भाग होतात. सामू ९ झाला की तब्बल छत्तीस भाग! उष्णता वाढली की हे प्रमाण आणखी वाढते. आपल्या कालव्याखालच्या पट्ट्यात चोपण जमिनी आहेत, तेथील पाण्याचा सामू मुळातच चढा. त्यात वैशाखाचे ऊन, आणि दुपारी हिरवे शेवाळ पाण्यातील कर्बवायू शोषून सामू आणखी वाढविते. अशा अमोनियाने भरलेल्या तळ्यात मी चुना टाकावयास सांगितला! तळहातावर नवसागर आणि चुना चोळण्याचा प्रयोग मी स्वतः शेकडो मुलांना वर्गात करून दाखविला होता. वीस गुंठ्यांच्या तळ्यात मी तोच प्रयोग करविला, आणि मला ते कळलेही नाही. पाठ केलेले ज्ञान आणि समजलेले ज्ञान यांत एवढे अंतर असते.

मग मागूर का वाचले? याचेही उत्तर शिलाँगहूनच मिळाले. पाण्याचा सामू फार वाढला की कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर पडू शकत नाही. पाणी असूनही मासा जणू पाण्याबाहेर असतो. साहा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मागूराला सामू १० असलेल्या पाण्यात ठेवून पाहिले. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या त्या निबंधात नमूद आहे की मागूराने युरिया करण्याचा व टाकण्याचा मार्ग वाढविला आणि तो तगला. पत्र्याच्या डब्यातील मागूर आणि चुन्याच्या तळ्यातील मागूर एकाच विद्येने जगले.

येथे एक सावधगिरीचा इशारा देणे माझे कर्तव्य आहे. मागूर चिवट आहे हे ऐकून कोणाच्या मनात बाजारातील मोठ्या मांगूरचा विचार येईल. तो मासा आपला नव्हे, तो आफ्रिकन. दिसण्यात साम्य आहे, परंतु देहधर्म निराळा. सिंगापूरच्या संशोधकांनी २००४ साली दाखविले की हा आफ्रिकन मासा अमोनियाचा युरिया करण्याच्या भानगडीत पडत नाही. तो अमोनिया अंगात सहन करतो आणि जोर लावून बाहेर टाकतो. म्हणूनच तो कोंबड्यांच्या टाकाऊ मांसावर, काळ्याकुट्ट पाण्यातही वाढतो. मासा जगतो आहे, याचा अर्थ पाणी चांगले आहे असा होत नाही, हे ध्यानात ठेवावे. तो खादाड आहे. नदीत सुटला तर देशी माशांची पिल्ले फस्त करतो. त्याच्या पालनास आपल्या देशात बंदी आहे, आणि २०१९ साली राष्ट्रीय हरित लवादाने महाराष्ट्रातील त्याचे साठे नष्ट करण्याचा आदेश दिला. उजनीकाठच्या गावांतूनही अशी तळी नष्ट करण्यात आली. आपल्याही काही बांधवांनी झटपट पैशाच्या आशेने हा मार्ग धरला आणि ते कर्जात बुडाले, हे येथे बसलेल्या अनेकांना ठाऊक आहे. त्यांना मी दूषण देत नाही. मात्र पुन्हा त्या वाटेस जाऊ नये, आणि आपला देशी मागूर, जो दिवसेंदिवस दुर्मिळ होत चालला आहे, तो राखावा, अशी हात जोडून विनंती करतो.

ज्यांची तळी आहेत, त्यांच्यासाठी माझ्या अनुभवाचे, म्हणजे माझ्या चुकीचे, सार सांगतो. पाण्याला उग्र वास आला आणि मासे अस्वस्थ दिसले, तर प्रथम खाद्य बंद करावे. कारण जे खाद्य पडते, त्यातील नत्रच शेवटी अमोनिया होते. शक्य तेवढे पाणी बदलावे. हवेचे यंत्र प्राणवायू देते. ते चालू ठेवावे, परंतु तेवढ्याने अमोनिया जातो, असे समजू नये. पाण्याचा सामू आणि अमोनिया तपासल्याशिवाय चुन्याला हात लावू नये. चुना वाईट नव्हे. तळे कोरडे असताना आणि आम्लधर्मी पाण्यात त्याचा उपयोग आहे. परंतु औषध कोणत्या रोगावर, हे पाहूनच द्यावे. बारामतीस कृषी विज्ञान केंद्र आहे. माळेगाव खुर्द येथे अजैविक ताणांचा, म्हणजे दुष्काळ, उष्णता, क्षार यांचा अभ्यास करणारी राष्ट्रीय संस्था २००९ पासून आहे, आणि तेथे माशांवरही संशोधन होते. ही दारे आपल्या उंबऱ्याजवळ आहेत. बाटलीत पाणी भरून तेथे विचारावयास जाण्यात लाज कसली? मीच त्या दिवशी ‘मला माहीत नाही, आपण दोघे जाऊन विचारू’ असे म्हटले असते, तर एका घराचे वर्षाचे उत्पन्न वाचले असते. अडतीस वर्षांत ‘मला माहीत नाही’ हे तीन शब्द मी वर्गात फारसे उच्चारले नाहीत. गुरुजींना सारे माहीत असले पाहिजे, असा माझा समज होता.

आता ऋणाविषयी. ज्याच्याविषयी मी बोललो, ते गृहस्थ आज या मंडपात बसले आहेत. त्यांचे नाव घेऊन मी त्यांना संकोचात टाकणार नाही. मेळाव्यापूर्वी मी त्यांच्या घरी जाऊन हे सारे सांगण्याची परवानगी मागितली. ते म्हणाले, “गुरुजी, झाले ते झाले. पण एक सांगा, तो मागूर मी घरी परत नेला होता, हे तुम्हांला ठाऊक आहे का?” मला ठाऊक नव्हते. मी फेकावयास सांगितलेला मासा त्या नऊ वर्षांच्या मुलाने कुंपणाबाहेरून उचलून, शाळा सुटेपर्यंत ओल्या गवतात झाकून ठेवला होता, आणि संध्याकाळी धरणाच्या पाण्यात सोडून दिला होता. तोपर्यंत तो जिवंत होता. म्हणजे माझ्या वर्गाबाहेर त्या दिवशी प्रयोग पूर्ण झाला होता. पाहणारा एकटा तोच होता. मी त्यांची क्षमा मागितली, आणि आपणां सर्वांच्या साक्षीने पुन्हा मागतो.

आज बक्षिसे मिळालेल्या मुलामुलींचे मी मनापासून अभिनंदन करतो. गुण मिळविणे चांगलेच. परंतु ज्यांना बक्षीस मिळाले नाही, त्यांच्यातही कोणी पत्र्याचा डबा घेऊन येणारा असेल. पालकांना आणि माझ्या शिक्षकबंधूंना माझे सांगणे एवढेच की पोराने डबा आणला, तर आधी झाकण उघडून पाहावे. पुस्तक त्याच्याशी जुळत नसेल, तर रागावू नये. पुस्तक आणि डबा दोन्ही घेऊन जाणत्याकडे जावे. आमच्या संस्थेनेही विद्यार्थ्यांसाठी एक साधी खोली, एक काचेची टाकी आणि सामू तपासण्याच्या कागदाची एक वही एवढी सोय करावी, अशी सूचना मी मंडळापुढे ठेवतो. तिच्या खर्चासाठी माझ्या निवृत्तिवेतनातून एका महिन्याची रक्कम मी आजच कोषाध्यक्षांच्या स्वाधीन करीत आहे. टाकीत पहिला मासा कोणता ठेवायचा व तो कोणी आणायचा, हे आमचे दोघांचे ठरले आहे.